शंखाचे सर्पिल : गणित आणि रेखांकन

प्रास्ताविक : चैत्र महिन्यात महाराष्ट्रातील अंगणांत रेखाटल्या जाणाऱ्या चैत्रांगणात शंख, चक्र, गदा, पद्म ही चिन्हे असतात. शंखाची बाह्यरेषा अशी परंपरेने परिचित आहे. ती रेषा घडविणारा वाढीचा नियम समजल्यास चित्रकारास नव्या आकृत्यांचे साधन लाभते. प्रस्तुत लेखात या नियमाचे विवेचन केले आहे.

वाढीचा नियम : मृदुकाय प्राण्याचे प्रावार कवचाच्या मुखाशी कॅल्शियम कार्बोनेटचे थर रचते. जुना भाग तसाच राहतो. मुख मात्र दर वेढ्यास साधारण ठरावीक पटीने रुंदावते. त्यामुळे कवचाचे आकारमान वाढले, तरी आकृती बदलत नाही. या वक्रास समकोनी सर्पिल म्हणतात, कारण केंद्रातून निघणारी प्रत्येक त्रिज्या त्यास समान कोनात छेदते. देकार्तने १६३८ मध्ये त्याचा विचार मांडला. हा नियम सागरापुरता मर्यादित नाही. राजगडाच्या पायथ्याच्या पालीसारख्या सह्याद्रीतील परिसरात पावसाळ्यात आढळणाऱ्या गोगलगायींची कवचेही स्थूलमानाने याच रीतीने वाढतात.

दोन गैरसमज : नॉटिलसच्या कवचात सुवर्ण गुणोत्तर असते, असे अनेकदा सांगितले जाते. सुवर्ण सर्पिलाची त्रिज्या एका वेढ्यात सुमारे ६.८५ पट होते. नॉटिलसची सुमारे तिप्पटच. दुसरा गैरसमज म्हणजे कोणतेही सर्पिल शंखाचे मानणे. गणितज्ञ याकोब बेर्नुली (निधन १७०५) यांनी आपल्या समाधीवर समकोनी सर्पिल कोरावे अशी इच्छा व्यक्त केली होती. बासेल येथील शिलेवर मात्र कारागिराने समान अंतराच्या वेढ्यांचे आर्किमिडीज सर्पिल कोरले.

रेखांकनाची रीत : केंद्राभोवती ३० अंशांच्या अंतराने १२ त्रिज्या आखाव्यात. पहिल्या त्रिज्येवर १० मिलिमीटरवर बिंदू घ्यावा आणि पुढील प्रत्येक त्रिज्येवरील अंतर आधीच्या अंतराच्या १.०९६ पट ठेवावे. एका वेढ्यानंतर अंतर सुमारे ३० आणि दुसऱ्यानंतर सुमारे ९० मिलिमीटर होते. दर वेढ्यास २० मिलिमीटर मिळवीत गेल्यास दुसऱ्या वेढ्यानंतर ते ५० मिलिमीटरच भरते व आकृती गुंडाळलेल्या दोरीसारखी दिसते.

निष्कर्ष : दोरीचे वेटोळे बेरजेने वाढते, शंख गुणाकाराने. गुणक बदलला की सर्पिल घट्ट वा सैल होते. गणित व चित्रकला या विषयांच्या अध्यापकांनी ही कृती एकत्रितपणे करून घेतल्यास विद्यार्थ्यांना गुणोत्तर डोळ्यांना दिसेल आणि शंखाचे चित्र अनुकरणाच्या पुढे जाईल.