व्हिसाला इंग्रजीची परीक्षा नाही, नर्सला आहे

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या अर्जात इंग्रजी परीक्षेचे गुण लिहायला रकानाच नाही. या व्हिसाचे आजचे स्वरूप १९९० च्या कायद्याने ठरले. त्यात अट आहे ती विशेष ज्ञान लागणाऱ्या पदाची आणि त्या विषयातल्या पदवीची किंवा तिच्या तोडीच्या पात्रतेची. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीनकार्डाचेही सर्वसाधारणपणे तसेच आहे. पुण्या-मुंबईत मात्र अनेकांचा समज उलटा असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या चारही विभागांत किमान ६ बँड नसतील तर उमेदवार पात्रच ठरत नाही. ब्रिटनने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी लागणारी इंग्रजीची पातळी ८ जानेवारी २०२६ पासून बी१ वरून बी२ वर नेली. त्यात एमएस करायला गेलेल्या घरोघरच्या मुलांनी टोफल दिलेली असते. पण ते गुण विद्यापीठ प्रवेशासाठी मागते. पुढे तोच विद्यार्थी नोकरीला लागून एच-१बीवर जातो, तेव्हा त्याचे इंग्रजी पारखते ती कंपनी, मुलाखतीत. माणूस निवडण्याचे काम सरकारने नोकरी देणाऱ्यावर सोपवले आहे, आणि परीक्षा नसण्याचे खरे कारण तेच.

परीक्षेचा विचार अमेरिकेत कधी झालाच नाही, असे मात्र नाही. १९१७ साली अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने १६ वर्षांवरील स्थलांतरितांसाठी वाचनाची चाचणी आणली. तीस-चाळीस शब्दांचा मजकूर वाचायचा, तोही स्वतःच्या कोणत्याही भाषेत. मराठी वाचणारा त्यात सहज पास झाला असता. पण त्याच कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना, काही अपवाद वगळता, दारच बंद केले होते. शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, सिनेटर टॉम कॉटन आणि डेव्हिड पर्ड्यू यांनी मांडलेल्या रेझ विधेयकात कॅनडाच्या धर्तीवर गुणपद्धत होती आणि तीत इंग्रजीच्या परीक्षेलाही गुण होते. ते विधेयक मंजूर झाले नाही.

आरोग्यसेवेत मात्र ही परीक्षा कायद्यानेच बसवलेली आहे. १९९६ च्या स्थलांतर कायद्यातल्या कलम ३४३ नुसार नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, लॅबोरेटरी टेक्नॉलॉजिस्ट व टेक्निशियन आणि फिजिशियन असिस्टंट यांना व्हिसाआधी प्रमाणपत्र मिळवावे लागते. हे प्रमाणपत्र व्हिसास्क्रीन या नावाने देणारी प्रमुख संस्था म्हणजे सीजीएफएनएस. तिचे नाव २०२५ पासून ट्रूमेरिट आहे. संस्था १९७७ ची, फिलाडेल्फियातली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या याच शहरात. त्यांना व्हिसा लागला नव्हता की इंग्रजीची परीक्षाही, आणि तरी त्यांचा प्रबंध इंग्रजीतच होता.

व्हिसास्क्रीनमध्ये शिक्षण, परवाना आणि इंग्रजी या तीन गोष्टी तपासतात. नोंदणीकृत नर्सला आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण ६.५ आणि बोलण्याच्या विभागात ७ बँड लागतात. बोलण्याला जास्त वजन देण्यात शहाणपण आहे, कारण रात्रपाळीत डॉक्टरांना फोनवरून रुग्णाची स्थिती नीट सांगता आली नाही तर व्याकरण उत्तम असून काय उपयोग? फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी मूळ नियमावलीने आयईएलटीएस ग्राह्य धरली नाही, टोफलच मागितली.

खटकणारी गोष्ट सवलतीची आहे. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, क्विबेक वगळता कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड इथे शिकलेल्यांना नियमावली इंग्रजीच्या परीक्षेतून सूट देते. या यादीत भारत नाही. पुण्यात किंवा मिरजेत संपूर्ण बीएस्सी नर्सिंग इंग्रजीतून केलेली मुलगी, पुढे अमेरिकेची एनक्लेक्स ही परवाना परीक्षाही इंग्रजीतच पास झालेली, तरी इंग्रजी येते हे तिला वेगळे सिद्ध करावे लागते. बहुतेक नर्सिंग पदांना एच-१बी मिळत नसल्याने तिचा रस्ता ग्रीनकार्डाच्या ईबी-३ वर्गातून जातो. तिथे भारतीयांची रांग दशकभराहून लांब, तर व्हिसास्क्रीनची मुदत पाच वर्षांची. म्हणून प्रमाणपत्र घाईने काढून ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. ते व्हिसा मिळताना चालू असावे लागते.

डॉक्टरांची वाट निराळी आहे. परदेशी डॉक्टरला रेसिडेन्सीसाठी ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. रुग्णाशी प्रत्यक्ष बोलण्याची कसोटी पाहणारी यूएसएमएलई या वैद्यकीय परवाना परीक्षेतली स्टेप टू सीएस ही पायरी कोविडमध्ये थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिची उणीव भरून काढायला ओईटी मेडिसिन ही इंग्रजीची परीक्षा सक्तीची झाली. तिच्यात उमेदवार रुग्णाशी संवाद साधतो आणि दुसऱ्या डॉक्टरला चिठ्ठी लिहितो, म्हणजे वॉर्डात रोज करायचे तेच.

इतर काही धंद्यांत इंग्रजीची अट परवान्याला किंवा व्यवसायाच्या नियमांना जोडलेली असते. वैमानिकाला ती विमानवाहतूक नियमांतून लागू होते. ट्रकचालकांसाठीची अट जुनीच आहे, पण एप्रिल २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर तिची अंमलबजावणी कडक झाली, आणि २५ जूनपासून इंग्रजी न येणाऱ्या चालकाला जागीच गाडीवरून उतरवले जाऊ लागले.

नागरिकत्वाच्या वेळी मात्र इंग्रजी जवळजवळ साऱ्यांनाच लागते. बोललेले समजणे, एक वाक्य वाचणे आणि एक लिहिणे एवढे तरी यावे लागते. वय ५० आणि ग्रीनकार्डावर २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे, एवढे वास्तव्य झालेल्यांना यातून सूट आहे. त्यांना नागरिकशास्त्राची परीक्षा द्यावीच लागते, पण उत्तरे दुभाष्यामार्फत मराठीत दिलेली चालतात.