वर्डप्रेस, जूमला आणि ड्रूपल यांची तुलना

वर्डप्रेस, जूमला आणि ड्रूपल या संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन मुक्त स्रोत आशय व्यवस्थापन प्रणाली आहेत. आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणजे संगणकीय आज्ञा न लिहिता संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे आणि दुवे प्रकाशित करण्याची, बदलण्याची व जतन करण्याची सोय देणारी आज्ञावली. तिन्ही प्रणाली पीएचपी या भाषेत लिहिलेल्या असून ग्नू सार्वजनिक परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. हा परवाना आज्ञावली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि पुन्हा वितरित करण्याचे स्वातंत्र्य देतो. मात्र आशयाची रचना, बहुभाषिकता, अद्ययावतीकरण आणि देखभालीचा भार या बाबतींत त्यांच्यात मूलभूत फरक आहेत.

इतिहास

ड्रूपल ही तिघींतील सर्वांत जुनी प्रणाली होय. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात शिकत असताना ड्रीस बाउटार्ट यांनी सहाध्यायांशी संवाद साधण्यासाठी एक छोटा संदेशफलक तयार केला होता. त्यामागील आज्ञावली जानेवारी २००१ मध्ये ड्रूपल या नावाने खुली करण्यात आली. थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव पडले.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. बी२ या अनुदिनी लिहिण्याच्या आज्ञावलीचे काम थांबले, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तिच्या स्रोतावरून नवी शाखा काढली. परवाना मुक्त असल्यामुळेच हे शक्य झाले.

जूमलाचा जन्म वादातून झाला. मॅम्बो या प्रणालीचे नियंत्रण कोणाकडे असावे यावरून मतभेद होऊन तिचे मुख्य विकसक ऑगस्ट २००५ मध्ये बाहेर पडले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी जूमलाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. हे नाव ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतले आहे. तो शब्द मूळ अरबी असून मराठीत ‘एकूण रक्कम’ या अर्थाने रूढ असलेला ‘जुमला’ हा त्याचाच भाऊबंद होय.

आशयाची रचना

वर्डप्रेसचा पाया अनुदिनीचा आहे. तारखेनुसार मांडल्या जाणाऱ्या नोंदी आणि स्थिर पृष्ठे हे तिचे दोन मूळ प्रकार होत. २०१० मधील ३.० या आवृत्तीपासून वापरकर्त्याला स्वतःचे आशयप्रकार सुलभपणे जोडता येतात; मात्र त्यासाठी बहुधा प्लगइनचा, म्हणजे जोडआज्ञावलीचा, आधार घेतला जातो. डिसेंबर २०१८ मधील ५.० या आवृत्तीत परिच्छेद, चित्र, कोष्टक असे स्वतंत्र ठोकळे मांडून पृष्ठ रचणारा गुटेनबर्ग हा संपादक आला.

जूमलामध्ये लेख वर्गांत विभागलेले असतात आणि कोणत्या पृष्ठावर काय दिसावे हे बहुतांशी मेनूवरून ठरते. तिच्या विस्तारांचे घटक, मॉड्यूल, प्लगइन असे प्रकार आहेत. त्यामुळे नवशिक्याला सुरुवातीस गोंधळ वाटला, तरी नियतकालिक किंवा संस्थेच्या संकेतस्थळाला लागणारी विभागरचना तीत मुळातच मिळते.

ड्रूपलमध्ये आशयप्रकार आणि त्यांची क्षेत्रे वापरकर्ता स्वतः ठरवतो. उदाहरणार्थ, ग्रंथालयाच्या संकेतस्थळासाठी ‘पुस्तक’ हा प्रकार करून लेखक, प्रकाशनवर्ष आणि विषय अशी क्षेत्रे जोडता येतात व त्यांवरून विविध याद्या तयार करता येतात. हे सारे मूळ प्रणालीतच असते. त्याची किंमत म्हणजे शिकण्यास लागणारा वेळ आणि जाणकार व्यक्तीची गरज.

बहुभाषिकता आणि देवनागरी

एकाच संकेतस्थळावर दोन किंवा अधिक भाषांत आशय ठेवण्याची सोय जूमला आणि ड्रूपल यांच्या मूळ प्रणालीत आहे. २०१५ मधील ड्रूपल ८ पासून ती विशेष विस्तृत झाली. वर्डप्रेसमध्ये प्रशासकीय पटलाची भाषा मराठी करता येते. परंतु एकाच लेखाच्या मराठी व इंग्रजी आवृत्त्या परस्परांना जोडण्यासाठी पॉलिलँगसारखे प्लगइन लागते.

पृष्ठांच्या पत्त्यांबाबत देवनागरीत एक अडचण येते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन वर्णांनी लिहिला जातो. मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे ९० वर्णांचा होतो. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागासाठी २०० वर्णांची मर्यादा असल्याने साधारण २२ चिन्हांनंतर तो खंडित होतो. लेखाचे शीर्षक शाबूत राहते. पण सारखी सुरुवात असलेल्या शीर्षकांचे पत्ते जवळजवळ एकसारखे दिसतात. पत्ता हाताने आखूड लिहिणे हा त्यावरील सोपा उपाय होय. जूमलामध्ये युनिकोड पत्त्यांचा पर्याय बंद असल्यास देवनागरी अक्षरे गाळली जातात आणि शीर्षकाच्या जागी केवळ दिनांक व वेळ येते.

सुरक्षितता

स्रोत सर्वांना दिसत असल्याने दोष लवकर सापडतात. पण दुरुस्ती जाहीर होताच हल्लेखोरांनाही तो दोष कळतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रूपल ७ मधील एक गंभीर दोष जाहीर झाला. पहिल्या सात तासांत दुरुस्ती न केलेल्या संकेतस्थळांत घुसखोरी झाली आहे असेच गृहीत धरावे, असा इशारा ड्रूपलच्या सुरक्षा गटाने नंतर दिला. वर्डप्रेसमध्ये २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून किरकोळ व सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसवल्या जातात. २०१७ च्या आरंभी ४.७ आवृत्तीत आढळलेल्या दोषाच्या वेळी ही सोय उपयोगी पडली. जेथे दुरुस्ती बसलेली नव्हती अशा असंख्य संकेतस्थळांवरील मजकूर मात्र बदलला गेला. मूळ प्रणालीपेक्षा जुनी, लेखकाने सोडून दिलेली प्लगइन हा वर्डप्रेसमधील मोठा धोका मानला जातो.

आवृत्त्या आणि सातत्य

वर्डप्रेस जुन्या आवृत्तीशी सुसंगत राहण्यावर भर देते. ड्रूपलने आवृत्ती ८ मध्ये सिम्फनी या चौकटीचे घटक स्वीकारून मोठी पुनर्रचना केली. परिणामी आवृत्ती ७ वरील संकेतस्थळे नव्याने उभारून त्यांत आशय स्थलांतरित करावा लागला. हा खर्च न झेपणाऱ्या लहान संस्थांसाठी बॅकड्रॉप ही शाखा निघाली. ड्रूपल ७ चे अधिकृत साहाय्य ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. आवृत्ती ८ नंतरचे बदल तुलनेने सोपे आहेत.

निवडीचे निकष

वर्डप्रेसचा प्रसार सर्वाधिक असल्याने तिचे जाणकार आणि तयार रूपरचना सहज मिळतात. मात्र केवळ लोकप्रियता किंवा प्रतिष्ठा हा पुरेसा निकष नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत संकेतस्थळ २००९ मध्ये ड्रूपलवर आणि २०१७ मध्ये वर्डप्रेसवर गेले. एकाच स्वरूपाचे काम दोन्ही प्रणालींवर होऊ शकते हे त्यावरून दिसते. एकट्या लेखकाची अनुदिनी किंवा लहान संस्थेचे माहितीपर संकेतस्थळ यांना वर्डप्रेस, द्विभाषिक व अनेक विभागांच्या मध्यम संकेतस्थळाला जूमला, तर परस्परसंबंधित नोंदींच्या मोठ्या संग्रहाला ड्रूपल साधारणपणे सोयीची ठरते.

तिन्ही आज्ञावली विनामूल्य असल्या तरी सर्व्हरचे भाडे, नावनोंदणी आणि देखभाल यांचा खर्च उरतोच. संकेतस्थळ उभारणारी व्यक्ती निघून गेल्यावर अद्ययावतीकरण कोण करणार, विदागार आणि चित्रे यांची प्रत कोठे ठेवली आहे व संकेतशब्द संस्थेच्या ताब्यात आहेत का, या प्रश्नांची उत्तरे निवडीपूर्वीच ठरलेली असावी लागतात. मुक्त परवान्यामुळे आज्ञावलीवरचा हक्क अबाधित राहतो. आशय टिकवण्याची जबाबदारी मात्र संकेतस्थळाच्या मालकाचीच असते.