घाईच्या घडीचं काम

खळ्यावर रास पडलेली आहे, आभाळ भरून आलं आहे आणि घरात ताडपत्री एकच आहे. अशा वेळी एक माणूस नुसता धावत सुटतो, दुसरा ओरडत सुटतो, आणि तिसरा मुकाट्यानं कुदळ घेऊन राशीच्या वरच्या अंगाला चर खणायला लागतो. भीती तिघांनाही सारखीच वाटत असते. मग तिसऱ्याचंच डोकं ठिकाणावर कसं राहतं? मंडळी, आज याच गोष्टीचा विचार करू. शेतकरी असो, एस.टी.चा ड्रायव्हर असो, दवाखान्यातली सिस्टर असो की दहावीच्या वर्गाचे गुरुजी असोत, ही घडी प्रत्येकाच्या कामात येतेच.

‘तो मुळातच धीराचा,’ असं म्हणून आपण विषय संपवतो. मला हे उत्तर पटत नाही. धीर जन्मजात असतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक तो आधी करून ठेवलेल्या तयारीतून येतो.

प्रथम शरीरात काय घडतं ते पाहा. संकट दिसलं की मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात उतरतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातापायांत एकदम बळ येतं. बैलानं शिंग रोखलं तर एरवी न जमणारी उडी माणूस मारतो, ती या रसाच्या जोरावर. पण हेच बळ प्रत्येक कामाला उपयोगी पडत नाही. यर्कीस आणि डॉडसन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1908 साली उंदरांवर प्रयोग केले. चूक झाली की विजेचा झटका, अशी योजना होती. काम सोपं असेल तेव्हा झटका जसा वाढला तसे उंदीर लवकर शिकले. काम नाजूक असेल तेव्हा मात्र जोराच्या झटक्यानं ते उलट मागे पडले, मध्यम झटक्यालाच चांगले शिकले. आपल्याकडचं उदाहरण घ्या. गोठ्याला आग लागली तर दावी कापून जनावरं बाहेर काढायला भीती मदतच करते. तीच भीती फवारणीच्या औषधाचं माप घेताना हात थरथरवते, पंचनामा लिहिताना गट नंबर चुकवते.

याचं कारण असं की मनाची ओंजळ फार लहान आहे. एका वेळी तीन-चार गोष्टी तिच्यात मावतात, अधिक नाही. ‘आता काय होईल, लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणतील’ या विचारांनी ती भरली, की हातातल्या कामाला जागाच उरत नाही. तेव्हा ‘घाबरू नकोस’ असं सांगून काही साधत नाही. ओंजळीतलं ओझं कमी कसं करायचं, हे पाहिलं पाहिजे.

याचा मोठा धडा आपल्याच भागात मिळाला आहे. 2016 सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये शहरातल्या पाणवठ्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. 2011 च्या जनगणनेत जवळजवळ 3 लाख 83 हजार वस्ती असलेलं हे शहर. त्याची तहान कोणी एकानं भागवायची म्हटलं, तर कोणाचाही धीर सुटावा. पण ‘लातूरची तहान भागवणे’ असं काम प्रत्यक्षात कोणा एकाच्या वाट्याला आलंच नाही. त्याचे तुकडे झाले. राजस्थानात कोटा इथल्या रेल्वेच्या कारखान्यात वाघिणी वाफेनं धुऊन काढणं, हे एकाचं काम. मिरजेला त्या भरून देणं दुसऱ्याचं. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव असा सुमारे 340 किलोमीटरचा रस्ता गाडी चालवणं तिसऱ्याचं. लातूर स्टेशनाजवळच्या मोठ्या विहिरीत पाणी उतरवून घेणं आणि तिथून शुद्धीकरण केंद्राकडे पोचवणं चौथ्याचं. प्रत्येकाला आपलं काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे डोळ्यांना दिसत होतं, आणि वाघिणी मोजून ते झालं की नाही हे सांगता येत होतं.

पहिली गाडी 12 एप्रिलला पहाटे लातूरला लागली. वाघिणी दहाच, पाणी सुमारे 5 लाख लिटर. माणशी हिशेब केला तर दीड लिटरसुद्धा नाही. एवढ्याशा पाण्यानं काय होणार, असं कोणालाही वाटावं. माझं मत वेगळं आहे. नव्या कामाची पहिली खेप लहान असावी. नळी कुठं गळते, झाकण कुठं अडतं, कोणाची वाट पाहावी लागते, हे दहा वाघिणींत कळलेलं बरं. पुढं 50 वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर पाणी आलं, आणि एकूण शंभराहून अधिक खेपा झाल्या.

गाडी चालवणाऱ्यांना या कामासाठी वेगळं शौर्य शिकवावं लागलं नाही, हेही ध्यानात घ्या. इंजिनातले चालक आणि त्यांचे साहाय्यक रोजच प्रत्येक सिग्नल मोठ्यानं उच्चारतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. दोन स्टेशनांचे मास्तर गाडीला वाट देताना एकमेकांना खासगी आकडा सांगतात आणि तो लिहून ठेवतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण जे तोंडानं म्हटलं आणि कागदावर लिहिलं, ते ओंजळीत धरून ठेवावं लागत नाही. शांत दिवशी हजार वेळा केलेली ही गोष्ट धांदलीच्या दिवशी आपोआप होते.

मोठमोठ्या डॉक्टरांनीही हे मान्य केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 कलमांची एक यादी तयार केली. रोगी तोच ना, बाजू डावी की उजवी, आतले कापसाचे बोळे मोजले का, असले साधे प्रश्न त्यात आहेत. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण शेकडा दीडवरून शेकडा 0.8 वर आलं. हे डॉक्टर काही नवशिके नव्हते. शिकलेला माणूससुद्धा घाईत साधी गोष्ट विसरतो, म्हणून यादी.

आता नांदेडकडे या. असर्जनजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. भर पावसाळ्यात वरून लोंढा आला की दरवाजे उघडायचे का, किती आणि केव्हा, हे ठरवावं लागतं. लवकर उघडले तर उन्हाळ्यासाठीचं पाणी गेलं, उशिरा उघडले तर काठच्या वस्तीचा घात. असा निर्णय रात्री दोन वाजता भर पावसात पहिल्यांदा करायचा म्हटला तर भलाभला गोंधळेल. म्हणून धरणांवर पाणी कोणत्या तारखेला किती पातळीपर्यंत ठेवायचं याचं कोष्टक आधीच केलेलं असतं. रात्री पातळी वाचायची, कोष्टक पाहायचं, खालच्या गावांना इशारा द्यायचा. आपल्या घरीही हे करता येतं. साप चावला तर कोणाच्या गाडीतून, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, सोबत कोण जाणार, हे उन्हाळ्यात बसून ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा. साप आल्यावर सभा भरवू नका.

काही संकटं मात्र कोष्टकाला बधत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. मदतीला चहूकडून लोक धावले, वाहनांनी रस्ते भरून गेले, वर पाऊस. अशा वेळी उत्साहाला तोटा नसतो, तोटा असतो तो एका आवाजाचा. ढिगाऱ्यावर दहा जण दहा हुकूम देत असतील तर खालचा कण्हण्याचा आवाज ऐकायचा कोणी? गावात चार माणसं जमली की आधी एकानं म्हणावं, ‘मी सांगतो तसं करा,’ आणि बाकीच्यांनी मानपान बाजूला ठेवून ते करावं.

असं काम दिवसेंदिवस चाललं, की झोपेचा प्रश्न येतो. सलग 17 तास जागा असलेला माणूस थोडी दारू घेतलेल्या माणसाइतकाच मंदावतो, असं 1997 साली ऑस्ट्रेलियात मोजून दाखवलं गेलं आहे. उसाच्या हंगामात दोन-दोन रात्री ट्रॅक्टर हाकणाऱ्यांना आपल्याकडं शाबासकी मिळते. ती बंद झाली पाहिजे. पाळी लावणं हाही कामाचाच भाग आहे.

गुरुजनहो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलतो. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चं नाव राज्यभर आहे. पुन्हा पुन्हा चाचण्या, घड्याळ लावून पेपर सोडवणं, लगेच तपासून चुका दाखवणं, हे त्यातलं खरं बळ, आणि ते उत्तम आहे. बोर्डाच्या हॉलमधली शांतता, अनोळखी बाक, वाजणारी घंटा यांची सवय आधीच झालेली असते. पण त्याच्याबरोबर गुणांच्या पाट्या, फोटोंचे फलक आणि घरादाराची आशा हेही ओझं मुलाच्या ओंजळीत पडतं, आणि यर्कीस-डॉडसनचा जोराचा झटका तो हाच. गणित हे नाजूक काम आहे, आग लागलेला गोठा नव्हे. तेव्हा सराव कडक ठेवा, बोलणं मऊ ठेवा. पेपर हाती आल्यावर मुलानं पाच-सहा वेळा श्वास सावकाश सोडावा. श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती खाली येते. मग येतं ते उदाहरण आधी सोडवावं, अडलेल्यावर खूण करून पुढं जावं. ही रीत परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, जूनपासून प्रत्येक चाचणीला करून घ्यावी लागते. आणि पेपरच्या आदल्या रात्री दहाला दिवा मालवायला सांगा, कारण दिवसा वाचलेलं झोपेतच मनात पक्कं बसतं.