अर्जंट आहे हो, उद्याच हवंय!

शनिवारची संध्याकाळ. मावसबहिणीचा साखरपुडा. कुणाचा तरी कोपर लागला आणि अख्खा कपभर कॉफी माझ्या कुर्त्यावर! कुर्ताही साधासुधा नव्हता. आजीच्या इरकल साडीचा हौसेने शिवून घेतलेला. अंग सुती आणि योकला तिच्या पदराचं लाल रेशीम. आजीच्या कपड्यांपैकी माझ्या वाट्याला आलेली तेवढी एकच साडी.

सोमवारी एका क्लायंटकडे तोच घालून जायचं होतं. मग काय, घराजवळच्या चकाचक लॉन्ड्रीत दुप्पट पैसे भरले आणि काउंटरवरच्या मुलाला ठणकावलं, "डाग गेलाच पाहिजे. अर्जंट आहे हो, उद्याच हवंय!"

रविवारी रात्री कुर्ता हजर. डाग गायब! रेशीम हाताला जरा खरखरीत लागलं, लाल रंगही थोडा उतरल्यासारखा वाटला, पण घाईत कोण बघतंय? आठवडाभराने रिक्षातून उतरताना हात वर केला आणि योक चर्रकन फाटला.

एका मैत्रिणीने मला पेठेतल्या एका जुन्या लॉन्ड्रीत नेलं. दुकान जेमतेम दहा बाय बाराचं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फाटलेली कड बोटांत चुरली आणि म्हणाले, "ब्लीच मारलंय. सुताने सोसलं, रेशमाने नाही. आता याला काही करता येणार नाही, ताई."

मी लॉन्ड्रीला शिव्या घालायच्या तयारीत होते. काकांनी शांतपणे विचारलं, "किती वेळ दिला होतात त्यांना?"

आता बोला!

घरी येऊन वाचायला बसले तेव्हा काकांच्या प्रश्नाचा फंडा कळला. १९५९ मध्ये हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर या केमिस्टने धुलाईचं साधं गणित मांडलं. कपडा स्वच्छ होतो तो चार गोष्टींनी: रसायन, उष्णता, घुसळण आणि वेळ. यातली एक कमी केली, की दुसरी वाढवावीच लागते. मी वेळ कमी केला होता. त्याची भरपाई ब्लीचने केली!

शिवाय प्रत्येक धाग्याचा स्वभाव वेगळा. सुती कापड ओलं झाल्यावर उलट मजबूत होतं, सोडा-साबणही बऱ्यापैकी पचवतं. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रोटीन. तीव्र अल्कलीत ती झिजतात, आणि क्लोरिनचं ब्लीच तर रेशमाचं अक्षरशः पाणी करू शकतं. आपल्या रोजच्या अनेक पावडरींमध्ये प्रोटीनचे डाग पचवणारी एन्झाइम्स असतात. बिचाऱ्या एन्झाइमला डाग कुठला आणि पदर कुठला हे कसं कळणार? आजीच्या पिढीला हे केमिस्ट्री न शिकता माहीत होतं. रेशमाला रिठा, बस्स.

पुढच्या आठवड्यात काकांनी मला आतलं मशीन दाखवलं. (चहाही पाजला.) रेशमाच्या वेळी ड्रम निम्माच भरतात. पाणी जास्त, गार, साबण सौम्य. ड्रम थोडा फिरतो आणि बराच वेळ नुसता थांबतो. जास्त पाण्यात कपडे तरंगतात, एकमेकांवर आपटत-घासत नाहीत. हुक आणि टिकल्यांचे कपडे जाळीच्या पिशवीत. पिळणं जेमतेम, वाळवणं सावलीत. ओलं रेशीम चोळायचं नाही, कारण धागा तुसतो आणि पांढुरका डाग पडतो. आणि डाग निघेपर्यंत इस्त्री नाही, नाहीतर तो कायमचा बसतो. थोडक्यात, हळुवार धुलाई म्हणजे मशीनने बराच वेळ काहीच न करणं. ग्राहकाला याचे पैसे द्यायला जिवावर येतं, हीच काकांची तक्रार.

"मग सरळ ड्रायक्लीनच करावं ना?" मी विचारलं. ड्रायक्लीन कोरडं नसतं, बरं का! पाण्याऐवजी द्रव सॉल्व्हंट, एवढंच. त्यातल्या पर्क या सॉल्व्हंटने माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने नोंदवली आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधून तो दहा वर्षांत हद्दपार करण्याचा नियम काढला. शिवाय घामातलं मीठ सॉल्व्हंटपेक्षा पाण्यातच नीट निघतं. म्हणून लेबल वाचा. वर्तुळात 'पी' असेल तर पर्क चालेल, 'डब्ल्यू' असेल तर व्यावसायिक वेटक्लीनिंग, म्हणजे पाण्यातलीच पण सांभाळून केलेली धुलाई. खाली एक आडवी रेघ म्हणजे हळू, दोन रेघा म्हणजे खूपच हळू. आजीच्या साडीला अर्थातच लेबल नव्हतं. तिथे विचारणाराच माणूस लागतो. काय सांडलं, कधी सांडलं, घरी काय लावून पाहिलं, असं सगळं काकांनी वहीत लिहून घेतलं.

हो, कारण मी पुन्हा गेले होते. आईच्या कपाटात त्याच साडीचा उरलेला हातभर पदर सापडला. घडीवर हळदीचा जुना डाग.

काकांनी तो उजेडात धरला. "पूर्ण जाणार नाही. थोडा पिवळा राहील. चालेल?"

"चालेल."

"पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी या."

मी पावती पर्समध्ये ठेवली.