मौनाचा पंचनामा

भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील बोदवडच्या परिसरात जमीन काळी, कपाशीची. मृगाच्या सरी कोसळल्या की शिवाररस्त्यांवर असा चिकण चिखल माजतो की, मोटारीचे चाक पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी गरगरू लागते. ज्या मोटारीत ट्रॅक्शन कंट्रोल असते, तिच्यात चाकांवरील सेन्सर ही घसरण तत्काळ ताडतात आणि इंजिनाच्या संगणकाला जोर कमी करण्याचा हुकूम जातो.

हा हुकूम ज्या मार्गाने जातो, ती ‘कॅन’ नावाची व्यवस्था जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइटच्या परिषदेत प्रथम सादर केली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, एवढाच तिचा दृश्य प्रपंच. विश्रांतीत दोहोंवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. संदेश जाताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. वाचला जातो तो केवळ त्यांतील फरक, म्हणून दोन्ही तारांवर सारखाच पडणारा बाह्य विद्युत्-उपद्रव निष्प्रभ ठरतो.

इंजिनाकडून उत्तर येईनासे झाले, की ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःचे काम थांबवते, डॅशबोर्डावर दिवा लावते आणि आपल्या दफ्तरी ‘यू०१००’ हा संकेतांक नोंदवते. स्कॅनरवर तो वाचून इंजिनाचा संगणक बाद ठरवणे म्हणजे फिर्याद ऐकताच आरोपीस शिक्षा फर्मावणे होय. जाणता मिस्त्री आधी बॅटरीचा दाब पाहतो; इतर संगणकांचीही तीच तक्रार आहे काय, याची जबानी घेतो; मग बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सोळा पिनी सॉकेटातील सहाव्या व चौदाव्या पिनांमधला रोध मोजतो. मार्गाच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असल्याने बहुतेक गाड्यांत मीटर ६० दाखवतो. १२० आले तर एक टोक तुटले, शून्याजवळ आले तर तारा परस्परांना भिडल्या. साठच आले, तरी संगणकाचा पुरवठा, अर्थिंग आणि पाणी शिरून गंजलेला कपलर यांची झडती उरतेच. बहुधा दोष याच क्षुल्लक ठिकाणी सापडतो आणि हजारो रुपयांचा संगणक निर्दोष सुटतो.

दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून, गाडी खडबडीत रस्त्यावर हाकून, तो पुन्हा उमटत नाही अशी खातरजमा होईपर्यंत मात्र हा तपास निकाली निघाला, असे समजू नये.