रिंगणातला कारवान, रानातला कारवान

डॉग शोच्या रिंगणात कारवान जातीचा कुत्रा आला की हँडलर आधी त्याला नीट उभा करतो. पुढचे पाय सरळ, मागचे जरा मागे ओढलेले, मान वर. परीक्षक जबडा उघडून दात बघतो, खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवतो, छाती किती खोल आहे आणि पोट किती वर ओढलेलं आहे ते पारखतो. मग एक फेरी. कुत्रा हँडलरच्या बाजूने दुडक्या चालीने गोल फिरून जागेवर येतो. चार-पाच मिनिटांत निकाल आणि गळ्यात रिबन.

गोम अशी की कारवान दुडक्या चालीसाठी जन्मलेलाच नाही. तो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा. दख्खनच्या उघड्या माळावर ससा उठला की त्याच्यामागे जिवाच्या आकांताने सुटायचं, हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. भरधाव पळताना त्याच्या एकेका ढांगेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्यासाठी लागतो तो लवचीक कणा, लांब पल्ल्याचा दम, ढेकळांत न फाटणारे पंजे. यातलं काहीच दुडक्या चालीत दिसत नाही.

रिंगण आणि काम यांतला हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडात तो बंदुकीच्या शिकारीतल्या कुत्र्यांपासून सुरू झाला. जून 1859 मध्ये न्यूकॅसलला भरलेलं श्वान प्रदर्शन आधुनिक डॉग शोंमधलं पहिलं मानलं जातं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, म्हणजे पाखरू कुठे दडलंय ते दाखवणारी कुत्री, आणि बक्षीस होतं बंदूक! सहा वर्षांनी, 1865 मध्ये, बेडफर्डशायरमधल्या साउथहिलला रानातली पहिली परीक्षा झाली. 1873 मध्ये केनेल क्लब निघाला. तेव्हा एकच कुत्रा शनिवारी रिंगणात आणि सोमवारी रानात, असं सहज चालत होतं. बँचरी बोलो नावाचा लॅब्राडोर रिंगणात आणि रानात, दोन्हीकडे विजेता ठरला. त्याच्या जातीत हा दुहेरी मान मिळवणारा तो पहिला.

पुढे दोन्ही वाटा इतक्या फाकल्या की आज एकाच नावाचे दोन कुत्रे शेजारी उभे केले तर नवख्याला ते दोन जातींचे वाटतील. प्रदर्शनातला लॅब्राडोर जाड हाडाचा, रुंद डोक्याचा, भरल्या अंगाचा. रानातला सडपातळ, पायांनी उंच आणि स्वभावाने चळवळ्या. कोणी मुद्दाम बिघडवलं असं नाही. ज्याला बक्षीस त्याची पिल्लं जास्त, एवढा साधा हिशेब वीस-तीस पिढ्या चालला.

लॅब्राडोर कामाचा असला तर काय करतो, हे मुंबईने 1993 मध्ये पाहिलं. बॉम्बशोधक पथकातला ‘जंजीर’ पुण्यात शिकून तयार झालेला. साखळी बॉम्बस्फोटांच्या तपासात त्याने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स, शिवाय डिटोनेटर आणि हातबॉम्ब शोधून दिले. नोव्हेंबर 2000 मध्ये हाडाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. पडलेलं पाखरू हुंगत शोधून आणणाऱ्या नाकाला इथे नवं काम मिळालं. शिकार संपली, तरी जातीचा गुण कामाला आला.

कारवानचं नशीब तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. सशामागे कुत्रा सोडणं त्यानंतर गुन्हा झालं, आणि ते योग्यच झालं. पण ज्या परीक्षेवर ही जात टिकली होती, ती परीक्षाच गेली.

जातीचा इतिहास सांगायचा तर मुधोळला जावं लागतं. आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात असलेलं हे एकेकाळचं घोरपड्यांचं मराठी संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली आणि पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली, असं सांगतात. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. आपल्या सोलापूर-लातूरकडची माणसं मात्र त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, आणि कान-शेपटीवर रेशमी केसांची झालर असेल तर पश्मी. चेन्नईचा केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, तर दुसरी संस्था मुधोळ हाउंड म्हणून. नावावरून वाद घालणाऱ्यांनी तेवढाच जोर कुत्रा पळवून बघण्यात लावला असता तर जातीचं भलं झालं असतं.

सरकारी कौतुक कमी नाही. जानेवारी 2005 मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. 2016 मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं शिकायला गेली. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं. मागणी वाढली की पिल्लं काढणारे वाढतात, आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं: कागद आहे का?

कागद वाईट नाही. उलट प्रदर्शनवाल्यांचं एक मोठं ऋण मान्य करायला हवं: वंशावळ त्यांनीच लिहून ठेवली. नुसत्या वेगाच्या नादी लागलेली मंडळी ग्रेहाउंडचं रक्त मिसळायला मागेपुढे पाहत नाहीत. तो कुत्रा पळतो जोरात, पण मे महिन्याच्या उन्हात, भाकरी-ताकावर, दगडगोट्यांत टिकण्याचा कारवानचा चिवटपणा त्याच्यात उरेलच असं नाही. म्हणजे ‘कामाचा’ म्हणवणाराही जात बुडवू शकतो.

खान्देशातल्या असोद्याच्या शेतकऱ्याला हे सगळं समजावून सांगायची गरज पडू नये. बैल घ्यायला गेला की तो दात बघतो, खूर बघतो, कातडीवरून हात फिरवतो, आणि शेवटी म्हणतो, जुंपून दाखव. बैल कितीही देखणा असो, औताला चालवल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. कुत्र्याच्या बाबतीत हे जुंपून दाखवणंच आपण विसरलो.

इंग्लंडने यावर अर्धामुर्धा का होईना, तोडगा काढला. तिथे बंदुकीच्या शिकारीच्या गटातला कुत्रा नुसती प्रदर्शनं जिंकून पूर्ण ‘चॅम्पियन’ होत नाही. 1958 पासून त्याला ‘शो चॅम्पियन’ म्हणतात. पुढचा ‘शो’ हा शब्द गळायचा तर रानात कामाची पात्रता दाखवावी लागते. कारवानसाठी असं काही करता येईल. जिवंत सशाची गरजच नाही: दोरीने ओढलेल्या चिंधीमागे पळवण्याच्या चाचण्या परदेशात सर्रास होतात. मोकळं मैदान, एक चरखी, एक पशुवैद्य आणि पळण्यानंतर पंजे, श्वास तपासण्याची शिस्त, एवढ्यावर भागेल. देशी जातींचे डॉग शो भरवणाऱ्यांनी रिंगणाशेजारी अशी एक पट्टी आखावी आणि तिचा निकाल वंशावळीच्या कागदावर लिहावा.

तोवर गिऱ्हाइकानेच शहाणं व्हायला हवं. खान्देशात मळ्यावर कारवान ठेवायचा विचार असेल तर पिल्लू पसंत करण्याआधी त्याचे आई-बाप मोकळ्या रानात सोडायला सांगा आणि ते पळून आल्यावर त्यांचे पाय तपासा. ‘कागद बघा ना’ म्हणून विकणारा टाळाटाळ करू लागला, तर तिथून पिल्लू घेऊ नका.