कृमिनाशक वनस्पती : परंपरा आणि मर्यादा

महाराष्ट्रातील अनेक घरांत तान्ह्या बाळास वावडिंग घालून उकळलेले पाणी पाजण्याची प्रथा पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. चरकसंहितेत 'विडंग' या नावाने कृमिघ्न म्हणून गौरविलेली वनस्पती ती हीच. तिच्या मिरीसारख्या फळांत एम्बेलिन नावाचे द्रव्य असते. पळसाचे बी, डाळिंबाच्या मुळाची साल व किरमाणी ओवा यांचाही जंतांवर असाच उपयोग होत आला आहे.

यांपैकी किरमाणी ओव्याची हकीकत विशेष उद्बोधक आहे. या वर्गातील वनस्पतींच्या न उमललेल्या कळ्यांपासून १८३० मध्ये सँटोनिन वेगळे करण्यात आले आणि पुढे शतकाहून अधिक काळ ते गोल जंतांवर जगभर दिले जात असे. त्याने जंत मरत नसे, केवळ बधिर होई. म्हणून पाठोपाठ रेचक द्यावे लागे. मात्र मात्रा थोडी चुकली तरी रोग्यास सारे पिवळे दिसू लागे, झटके येत, प्रसंगी प्राणावर बेते. अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध होताच सँटोनिन मागे पडले. झाडपाल्याचे औषध कधीच अपाय करीत नाही, हा समज किती भोळा आहे हे यावरून दिसून येते.

वावडिंगाबाबत अडचण वेगळी आहे. बाजारात त्या नावाने दुसऱ्याच झुडपांची फळे सर्रास विकली जातात. घरगुती काढ्यात औषधी द्रव्य किती उतरले, हे तर कोणीच सांगू शकत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत एम्बेलिनचा प्रजननक्षमतेवर अनिष्ट परिणाम आढळलेला असल्याने गर्भवतींनी ते वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. वर्गात मलूल बसणाऱ्या, फिकट पडलेल्या मुलाच्या दुखण्याचे मूळ अनेकदा येथे असते. अशा मुलास काढ्याच्या भरवशावर ठेवल्यास पंडुरोग बळावतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी विनामूल्य देण्यात येते. दोन वर्षांखालील बालकांस अर्धी, तीही चुरून. घरी वावडिंग देतो म्हणून ही गोळी नाकारणाऱ्या पालकांची समजूत शिक्षकांनीच घालावयास हवी.

गोळीने आतड्यातील जंत जातात, मातीतील अंडी जात नाहीत. उघड्यावरील शौचामुळे ती जमिनीत मिसळतात, ओलसर मातीत अंकुशकृमीच्या अळ्या तयार होतात आणि अनवाणी पायांच्या त्वचेतून पुन्हा शरीरात शिरतात. हे काम कोणत्याही औषधाचे नाही, ग्रामपंचायतीचे आहे.